जमुनाबाई जागल्या का?

अमरावती,
५ ऑगस्ट

आचलताई,

हे पत्र मी आखाडीच्या सणापासून लांबवून राहिलो. आखाडी झाली, मग म्हटलं जिवती होऊ दे. जिवती झाली तर पेन सापडेना. पेन सापडलं तर सुरुवात सापडेना. आता सुरुवात केली, तर पेनाबद्दलच लिहून राहिलो.

तू घरच्या ग्रुपमधून निघून गेलीस, माझा फोन उचलत नाहीस, म्हणून तुझा हैदराबादचा पत्ता रागिणीकडून घेतला. ती तुझी मैत्रीण असून माझ्याशी मास्तरीणबाईसारखी बोलते. म्हणाली, पत्ता देते, पण रडगाणं लिहायचं नाही. नाही लिहीत.

आधी माझी खबर. नांदगाव पेठेतली सूतगिरणीची नोकरी सोडली. मालक वाईट नव्हता, पण दिवसभर एकाच जागी उभं राहायचं म्हणजे माझ्या पायांना ते पटेना. मग धारणीकडे एका जीपवर राहिलो. रस्ते असे, की माणूस बसतो एका गावाला आणि त्याची टोपी उतरते दुसऱ्या गावाला. पण जंगल काय आहे ताई! तिथलं एक सांगायचं होतं, अस्वलाचं. जाऊ दे, ते मोठं आहे.

आता अमरावतीत आहे. इथे शेषराव सर म्हणून आहेत, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. ते चित्रपट मंडळ चालवतात. दर रविवारी एका लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये पिक्चर दाखवतात. खुर्च्या मांडणं, पडदा लावणं, प्रोजेक्टर जोडणं आणि चहा करणं हे माझं काम. पगार सांगण्यासारखा नाही, पण पिक्चर फुकट आहेत आणि बसायला सांगितलं तरी मी बसतो. एवढं मन माझं कुठेच लागलं नव्हतं.

सर इथल्या एका पेपरात दर शुक्रवारी पिक्चरवर लिहितात. तारे-बिरे देत नाहीत. शेवटी तीनपैकी एकच लिहितात. "पाहावा." "पाहू नये." नाहीतर "मी पाहिला, तुम्ही ठरवा." मागच्या महिन्यात तो ट्रकवाल्याचा मारधाडीचा पिक्चर आला ना, ज्यात हिरो एका हाताने पूल धरून ठेवतो, त्याला सरांनी "पाहू नये" दिलं. सगळं गाव पाहायला गेलं. दुसऱ्या खेपेला मी गेलो तर पुढच्या रांगेत सर. मला म्हणाले, "पुन्हा तपासून राहिलो." विहीर खणणाऱ्या बाईचा एक छोटा पिक्चर आला होता, त्याला "पाहावा" दिलं. तो पाहायला आम्ही मंडळाचेच लोक होतो, आणि एक माणूस, जो उन्हातून पंख्याखाली आला होता.

मंडळाचा एक नियम आहे. पिक्चर संपला की प्रत्येकाने उभं राहून एका वाक्यात निकाल द्यायचा. "छान" म्हणायचं नाही. जो छान म्हणेल त्याने कपबशा धुवायच्या. निकाल झाले की खाली उतरून सगळे गिला वडा खातात, आणि तिथे वाक्यांची मर्यादा नसते. खरी भांडणं तिथेच होतात. दह्यात बुडवलेला वडा हातात असला, की माणूस कोणालाच भीत नाही.

आता मुद्द्याचं सांगतो, सरकत सरकत का होईना.

सप्टेंबरात मंडळाचा महोत्सव आहे, बाहेरच्या छोट्या पिक्चरांचा. त्यासाठी लोकांनी जे पाठवलं ते रविवारी लावून पाहिलं. मी एक जोडला आणि पडद्यावर आपलं वावर आलं. अंधार, डोक्याला बॅटरी बांधलेली माय, शेवंती तोडणारे तिचे हात, आणि मागे आपल्या घरामागच्या विहिरीवरची मोटर, ठक ठक ठक ठक. मी वायर धरून उभाच राहिलो. खाली तुझं नाव आलं तेव्हा समजलं, की तू पाठवलास आणि तुला माहीत नाही की लावणारा मी आहे. मी कोणाला सांगितलं नाही की हे माझ्या घरचं आहे.

निकाल ऐक. कॉलेजात शिकवणाऱ्या दीपमाला मॅडम म्हणाल्या, "मला फुलांचा वास आला." मेडिकलवाले देवानंदभाऊ म्हणाले, "चांगला हाय, पन कुठी जाऊन नाई राहिला." शेषराव सर उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पाहावा, पण त्या मोटरचा आवाज काढल्याशिवाय नाही." त्यांचं म्हणणं, ती ठकठक सगळ्या पिक्चरभर चालते, त्यात बाईचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "छान." आणि कपबशा धुतल्या.

सरांनी तुला मेल केला. तुझं उत्तर त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. "तुमचं बरोबर आहे, मोटर काढते. मी स्वतः येऊ शकणार नाही."

ताई, तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. अमरावती म्हणजे अकोल्याच्या अंगणातच. घरचे येतील, पुन्हा तेच होईल, म्हणून. मी ते सगळं उगाळत नाही. फक्त एवढंच, की तू ये. पिक्चर लावणारा मी आहे, वायर मी धरीन.

महालक्ष्म्यांना फुलांचा बाजार तेजीत असतो, तेव्हा हात लावायला घरी जाणार आहे. तिथून लिहीन.

तुझा
गोपाल

अस्वल पुढच्या वेळी.


अकोला,
४ सप्टेंबर

ताई,

तुझं उत्तर रागिणीकडून कळलं. "गोपालला म्हणावं, पिक्चरचा निकाल घरीच लागला होता. मायने पाचव्या मिनिटाला लावला." एवढंच. बरं.

हे पत्र ओट्यावर बसून लिहितो आहे. महालक्ष्म्या उठल्या, बाजार उतरला, आणि माझ्या बोटांना अजून शेवंतीचा वास आहे. बाबा आत बसून टीव्हीवर कुस्ती पाहून राहिले. तुझं नाव निघालं की आवाज कमी करतात.

तुझं उत्तर ऐकून मला राग आला. तुझा नाही, आपल्या सगळ्यांचा. आठवून पाहा, हे सुरू कसं झालं. रविवारी बाजार उठला की आपण चौघं टॉकीजला. बाहेर अकोल्याचं ऊन आणि आत कूलर. माय रोज अंधारात उठणारी, खुर्चीत टेकली की डोळा लागायचा. बाबांनी एकदा गंमत केली. म्हणाले, "तुही माय झोपली म्हंजे पिक्चर पान्यात गेला." त्या दिवसापासून तो कायदाच झाला. इंटरव्हलच्या आधी झोपली तर फ्लॉप, नंतर झोपली तर अर्धा, झोपलीच नाही तर हिट. मग गल्लीही सामील झाली. समोरच्या बेबीताई तिकीट काढायच्या आधी विचारायच्या, "जमुनाबाई जागल्या का?" शुक्रवारी लिहिणाऱ्या शेषराव सरांपेक्षा मायच्या झोपेचा धाक जास्त होता.

आणि मग समाजमंदिरात तुझा पिक्चर. तू चादर ताणून बांधली होतीस, मी वायर आणली होती. पिक्चर सुरू झाला न झाला आणि मागून कोणीतरी ओरडलं, "गेला गेला, जमुनाबाई झोपल्या!" सगळे हसले. बाबाही हसले, सवयीने. तू पिक्चर पूर्ण चालू दिलास, चादर घडी केलीस, आणि त्याच आठवड्यात हैदराबादची गाडी धरलीस.

मी म्हटलं, या वेळी तपासूनच पाहतो. मंडळात राहून तेवढं शिकलो. फुलांचा गराडा सुटल्यावर मायला घेऊन पिक्चर पाहत सुटलो. बाबा म्हणाले, "या पोट्ट्याले काम नाई." खरंच नव्हतं.

पहिला तोच पुलाचा पिक्चर. माय टक्क जागी. माझं मनगट असं धरलं, की घड्याळाचा पट्टा रुतला. बाबांच्या हिशोबाने सुपरहिट. बाहेर आल्यावर विचारलं, आवडला का? म्हणाली, "डोकं उठलं माहं. एवढे लोक मारले बाप्पा त्यानं. त्याइच्या माया घरी ताट वाढून वाट पाहून राहिल्या असतीन."

दुसरा भुताचा. त्यातही जागी. तिसरा सासू-सुनेचा, ज्यात सासू दुधात काहीतरी कालवते. माय पूर्ण वेळ जागी, आणि मधूनच त्या सुनेला म्हणाली, "पिऊ नोको वं." पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

चौथा मी मंडळातून पेनड्राइव्हवर आणला होता, तो विहीरवाल्या बाईचा, सरांचा "पाहावा". घरच्या टीव्हीवर लावला. बाई खणते आहे, माती वर येते आहे, आणि आपली माय भिंतीला टेकून गाढ झोपली. तोंड उघडं, हातात निवडायची मेथी तशीच.

उठल्यावर मी विचारलं. इतक्या वर्षांत कोणीच विचारलं नव्हतं ताई. ना बाबांनी, ना तू, ना मी. म्हटलं, माय, तुले झोप कावून लागते?

मेथी निवडता निवडता म्हणाली, "जिथं आता काई वाईट होनार हाय असं वाटते, तिथं डोया लागत नाई. त्या बाईच्या इहिरीले पानी लागनार हाय, हे दिसूनच राहिलं होतं. मंग जागून काय करू?"

मी म्हटलं, आन् ताईचा?

"त्यात त मोटर चालू होती."

मला काही कळलं नाही. तिने मला असं पाहिलं, की हा खरंच या घरात वाढला का. म्हणाली, "मोटर वाजून राहिली म्हंजे लाईटची लाईन हाय. लाईन हाय म्हंजे पानी चालू हाय. राती मी त्याच आवाजावर झोपत होती. ठकठक बंद पडली का डोया उघडे. समाजमंदिरात बी तसंच झालं. आचलच्या पिक्चरमंदी मोटर बंद झाली, तवा मी जागी झाली. पाह्यतो त सारे अजून बी हासून राहिले. माह्यापायी पोट्टीले हासले."

ताई, तुझ्या पिक्चरच्या शेवटी मोटर बंद होते, पाखरं ऐकू येतात आणि उजाडतं. ती बरोबर तिथे उठली. आपण सगळे म्हणत राहिलो, झोपली. ती कुठे उठली हे कोणी पाहिलंच नाही.

अजून एक सांगायचं आहे, तुला माहीत नसेल. ती मोटर जळली. तू गेलीस त्या उन्हाळ्यातच. बाबांनी आता पाण्यात सोडायची बसवली आहे, तिचा बाहेर आवाजच येत नाही. बाबा खूश आहेत, बिल कमी येतं. पण माय सांगत होती, तेव्हापासून तिची झोप मोडली. नवीन मोटर चालू आहे का बंद, कळत नाही, म्हणून उठून पाइपाला हात लावून येते.

तो आवाज आता कुठेच नाही. आपल्या वावरातही नाही. फक्त तुझ्या पिक्चरमध्ये आहे, आणि तिथून तू तो काढून राहिलीस.

काढू नको, एवढंच मागतो. सरांना मी पाहून घेतो.

गोपाल

मायला म्हटलं, अमरावतीला येतेस का, ताईचा पिक्चर लागणार आहे. म्हणाली, "नाई बाप्पा. एकडाव झोपली तेवढं पुरे झालं." अकोल्याच्या बाहेर ती एकटी कधी गेली नाही, आणि बाबा बाजार सोडणार नाहीत, हे तुला माहीतच आहे.


अमरावती,
२० सप्टेंबर, शनिवार, दुपार

ताई,

हे पत्र पोस्टाने पोचणार नाही, उद्याच तर शो आहे. म्हणून लिहून झालं की रागिणीला फोटो काढून पाठवतो, ती तुला पाठवेल. अक्षर वाचता आलं नाही तर अंदाजाने वाच, शाळेत मास्तरही तसंच वाचायचे.

तुझा पिक्चर परवा नव्याने आला. मी एकट्यानेच लावून पाहिला. मोटर आहे! पहिल्यापेक्षा मोठी वाटली मला, का माझ्याच छातीत वाजत होती कोण जाणे.

मग सरांना सगळं सांगितलं. तो पिक्चर माझ्या बहिणीचा आहे, ते हात माझ्या मायचे आहेत, इथपासून. सर आधी रागावले, लपवलं म्हणून. मग आपण वड्यावर गेलो... म्हणजे तू नाही, मी आणि सर. एक वडा पूर्ण संपवून ते म्हणाले, "समीक्षकाने आपला निकाल बदलू नये गोपाल, त्याने लोकांचा विश्वास जातो." मी म्हटलं, बरोबर आहे सर. म्हणाले, "मी म्हणालो होतो मोटर काढा. ते माझं मत आहे आणि ते तसंच राहील. कालच्या शुक्रवारी छापूनही आलं आहे." मी घाबरलो. पेपर आणून पाहिला तर खाली लिहिलं होतं, "मी पाहिला, तुम्ही ठरवा." एक पायरी खाली उतरवलं त्यांनी तुला. पण पिक्चर महोत्सवात ठेवला, आणि तोही शेवटी, जिथे ते आपल्या आवडीचा ठेवतात. माणसाचं तोंड एक सांगतं आणि हात दुसरं करतात. सरांचं असंच आहे.

तू येशील का याबद्दल रागिणी म्हणाली, तू "बघू" म्हणालीस. तुझं "बघू" लहानपणी नाहीच्या जवळचं होतं. एकदा मात्र भुलाबाईच्या खेळात... नको, ते आता नको. आज सकाळपासून मी हॉल झाडला, खुर्च्या मांडल्या, पडदा ताणला. पडद्याला एक सुरकुती आहे, ती उद्या मायच्या कपाळावर येईल, पण तिथे तिला शोभेल.

दीपमाला मॅडमना मी तुझ्याबद्दल आणि मायबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझ्या बहिणीला इतकंच सांग, की

थांब. खालून कोणी हाक मारून राहिलं.

*

ताई, बाकीचं राहू दे, आधी हे लिहितो.

माय आली आहे.

एकटी. अकोल्याहून एसटीने. बसस्टँडवरून लायब्ररी विचारत विचारत पायी. मी जिन्यावरून पाहिलं तर खाली उभी, निळं लुगडं, काखेत पिशवी, आणि पानवाल्याला विचारून राहिली, "आचलचा पिक्चर हाय थे इथंच काय?" जसं काही सगळ्या अमरावतीला तू माहीत आहेस.

मी म्हटलं, माय, तू? बाबा?

म्हणाली, "त्याइनंच बसमंदी बसवून देल्लं. येत नाई म्हनतात, पन तिकीट त्याइनंच काढलं."

मी म्हटलं, शो उद्या आहे, आज कशाला आलीस? तर म्हणाली, उद्याची बस चुकली तर? आणि मग जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो. "मी दोन दिस बाजारात नाई गेली गोपाल. घरी झोपून काढले. दिवसा बी झोपली. आता किती बी मोटर वाजवा, मी जागीच राहीन."

दोन दिवस बाजार सोडला तिने ताई, तेही पितृपक्षात, आपल्या वावरातल्या भाजीला इतकी मागणी असताना. तुझ्या पिक्चरसाठी झोप साठवून आली आहे. मी तिला सांगितलं, की माय, झोप आली तर झोप, मी ताईला सगळं लिहिलं आहे. तिला ते पटलं नाही. म्हणाली, "तुमाले काय समजते. लेकीच्या घरी जाऊन कोनी झोपते का?"

आता ती हॉलमध्ये बसली आहे. रिकाम्या हॉलमध्ये, मधल्या रांगेत, जिथून पडदा सरळ दिसतो. जागा आजच धरली. आणि बसमध्ये धरतात तसा पिशवीतून रुमाल काढून शेजारच्या खुर्चीवर टाकला आहे. शेषराव सर आत्ता वर आले. त्यांना ओळख नाही, म्हणाले, "बाई, इथे जागा राखून ठेवता येत नाही. आणि उद्यापर्यंत तर नाहीच."

माय उठली नाही. रुमाल फक्त नीट केला.

"पोट्टी येऊन राहिली माही," म्हणाली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगू ताई? मी म्हटलं, हो सर, येऊन राहिली.